पाठीला पाठ

नागोजीराव काटे कुणाचाही हात हातात घेतला की सोडण्याआधी तो उलटा करून बघायचे. तळवा कोरडा असला तर "सरी" म्हणून आत घ्यायचे. दमट असला तर विचारायचे, "घरी भांडून आलासा काय?" नाही म्हणून काही उपयोग नसे. बाहेरच्या नळावर हात धुवायचे, बाकावर बसून डोकं शांत करायचं आणि मग पुन्हा दार वाजवायचं. एकदा आमचे मोठे साहेब एका परदेशी पाहुण्याला घेऊन आले, तेव्हा पाहुणा आत गेला आणि साहेब बाकावर बसले. त्या दिवशी साहेब खरंच घरी भांडून आले होते, असं पुढे त्यांच्या ड्रायव्हरकडून कळलं.

नागोजीरावांची ही खोली, मापं चुकू नयेत म्हणून थंड ठेवलेली, आमच्या बंगलोरच्या कारखान्यात अगदी टोकाला होती. कारखाना मशिनी बनवण्याच्या मशिनींचा. लेथ म्हणा, मिलिंग म्हणा, प्रत्येकीच्या पोटात एक दांडा फिरतो, त्याला स्पिंडल म्हणतात. तो ज्या पोलादी कड्यांमध्ये, गोळ्यांवर फिरतो, त्या बेअरिंगा. स्पिंडल केसभर डुलला तर त्या मशिनीवर जन्मभर जे जे निघेल ते डुललेलंच निघणार. म्हणून परदेशाहून मेणकागदात गुंडाळून, खोक्यात निजून आलेल्या बेअरिंगांतून कुठली कुठल्या स्पिंडलला द्यायची, हे ठरवायला एक माणूस बसवला होता. घामट हाताचा ठसा उमटला की दुसऱ्या दिवशी त्या जागी गंज धरतो, एवढं नागोजीरावांचं खरं होतं. भांडणाचा भाग त्यांनी स्वतःच्या पदरचा घातला होता.

माझं काम प्रोग्रेसचं. नावाला भुलू नका. कुठल्या खात्यात कुठलं काम अडलंय ते बघायचं आणि अडवणाऱ्यापाशी जाऊन उभं राहायचं, एवढंच ते काम. पन्नासच्या दशकात डिप्लोमा घेऊन पुण्याहून इथे आलो तेव्हा देश उभारायला निघालो आहे अशी माझी समजूत होती. काही वर्षांत समजलं की आपण देशातल्या बाकांवर बसायला आलो आहोत. त्यातला सगळ्यात ओळखीचा बाक नागोजीरावांच्या दाराबाहेरचा. त्या काळात मी सकाळी उठायचो तोच दमलेला उठायचो, आणि त्या दमण्यात निम्मा वाटा ह्या माणसाचा होता.

त्यांच्या टेबलावर दोन ताटं असत. एक 'सरी'चं, एक 'बेडा'चं. सरी म्हणजे ठीक, बेडा म्हणजे नको. घराणं मराठ्यांचं, पण तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आलेलं, त्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नड अशी मुरलेली होती की वेगळी काढता येत नसे. बेअरिंग माप घेणाऱ्या डायलखाली धरायची, बोटाने फिरवायची, काट्याकडे बघायचं, मग कानाशी नेऊन ऐकायचं. तिकडे जुळणी खात्यात स्पिंडल उघडा पडलेला, फोरमन माझ्या नावाने बोटं मोडतोय, आणि इकडे हे म्हणणार, "बेडा. हिचं मन लागंना." बेअरिंगचं मन म्हणजे काय, असं मी एकदा विचारलं. "सार, लग्न झालंय न्हवं तुमचं? मग मला कशाला विचारता," म्हणाले. आता सांगायला हरकत नाही, त्यांनी नको म्हटलेल्यांपैकी कितीतरी बेअरिंगा चांगल्या होत्या. ते सुटीवर गेले की आम्ही त्या हळूच बसवत असू आणि त्या बिनबोभाट चालत.

पण जोड्या लावण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. स्पिंडलची बेअरिंग एकटी नसते, तिची जोड असते. कधी तोंडाला तोंड लावून बसवायची, कधी पाठीला पाठ. तोंडाला तोंड लावली की जोडी सांभाळून घेते, पण जरा लवते. पाठीला पाठ लावली की घट्ट उभी राहते. नागोजीरावांचा जीव दुसरीवर. आणि जोड नुसती शेजारी ठेवून भागत नाही, दोघींचा एकमेकींवर थोडा दाब असावा लागतो. दाब जास्त झाला तर तापतात. अजिबात नसला तर आतल्या गोळ्या फिरायच्या ऐवजी घसरतात आणि बेअरिंग मोकळेपणानेच खराब होते. हे ते प्रत्येक नव्या माणसाला एकाच वाक्यात सांगत: "स्वल्प भार असावा लागतंय." स्वल्प म्हणजे थोडासा. कँटीनमध्ये भातावर सांबार वाढणाऱ्यालाही ते हेच सांगत, आणि बसमध्ये शेजारी अवघडून बसलेल्या अनोळखी माणसालाही.

दुसरी गोष्ट ते सांगत ती खोटीची, म्हणजे उणिवेची. बिनखोटीची बेअरिंग नसते, स्पिंडलही नसतो. प्रत्येकात एक जागा जराशी उंच असते. बेअरिंगची उंच जागा स्पिंडलच्या उंच जागेवर आली तर दोघांची खोट एकत्र होऊन सगळं डुलतं. एकाची उंच दुसऱ्याच्या खोल जागेवर आणली की दोन वाकड्यांचं एक सरळ होतं. त्यासाठी ते दोघांवर निळ्या शाईचा ठिपका देत. हे सांगताना त्यांचा चेहरा लग्नघरातल्या यजमानासारखा व्हायचा.

संध्याकाळचा भोंगा झाला की मात्र हा माणूस क्षणभर थांबत नसे. डायलवर फडकं टाकायचं, डबा उचलायचा आणि "घरी तंगी हाय, सार," म्हणून निघायचं. अडलेलं काम अडलेलंच राही. मी पुण्याकडचा. मला वाटे, बिनलग्नाचा माणूस, पगार बरा, ह्यांच्या घरी रोज कसली तंगी? कुणाच्या देण्यात अडकले असतील, कुणी आजारी असेल. रोज रोज ऐकून मला त्यांची दया यायला लागली. शेवटी दिवाळीच्या आधी जुळणी खात्यातल्या दोघातिघांना सांगून, थोडे तांदूळ, गूळ आणि तेलाचा डबा अशी पिशवी घेऊन मी चामराजपेटला त्यांच्या घरी गेलो.

दार एका बाईने उघडलं. तिशी ओलांडलेली, वेणीत मोगरा, नजर भलतीच तरतरीत. पिशवी बघून तिने विचारलं, "हे कशाला?"

मी चाचरत म्हणालो, "नागोजीराव रोज म्हणतात, घरी तंगी आहे. म्हणून म्हटलं..."

"तंगी मीच," ती म्हणाली.

कन्नडमध्ये धाकट्या बहिणीला तंगी म्हणतात, हे बंगलोरमध्ये इतकी वर्षं काढून मला माहीत नव्हतं. कमळा, म्हणजे नागोजीरावांची ही तंगी, दाराला धरून पोट दुखेपर्यंत हसली. नागोजीराव हसले नाहीत. त्यांनी पिशवीतले मूठभर तांदूळ तळहातावर घेतले, बोटाने पसरले, "खडे हैत," म्हणाले आणि मग मला आत बोलावलं.

त्या दिवशी मी ती गोष्ट पहिल्यांदा पाहिली. घराला रस्त्याच्या बाजूला एक ओटा होता. संध्याकाळी नागोजीराव त्यावर रस्त्याकडे तोंड करून बसत आणि कमळा त्यांच्या मागे, उंबऱ्याच्या आत, घराकडे तोंड करून. पाठीला पाठ टेकलेली. हे रस्त्यावरची माणसं बघायचे, ती तांदूळ निवडायची नाहीतर फुलं ओवायची, आणि दोघं एकमेकांचं तोंड न बघता बोलायची. नुसतं बोलणं कसलं, दिवसभर कारखान्यात कुठली बेअरिंग कशी वागली ते सगळं हे तिला सांगत. मला वाटलं, चला, घरी येऊनही जोडणीच चालू आहे ह्यांची.

कमळाचं लग्न झालेलं नव्हतं, आणि का झालं नव्हतं ते सांगायला नको. स्थळं येत होती. नागोजीराव बघत होते. पाहुण्यापुढे काठोकाठ भरलेला कॉफीचा लोटा, म्हणजे इकडचा पेला, ठेवायचा आणि उचलताना हात किती थरथरतो ते न्याहाळायचं, ही त्यांची पद्धत. मल्लेश्वरमच्या एकाचा हात स्थिर होता, पण त्याच्या चपलेची एकच टाच झिजलेली निघाली. बेडा. एक विनोद संपण्याआधी हसला. बेडा. एकाने लोटा ठेवताना आवाज केला आणि त्याच आवाजात त्याचं भवितव्य संपलं. कमळा आधी हसायची. मग तिने हसणं सोडलं. मी अधूनमधून घरी जात असे, त्यामुळे तिचं ते गप्प होत जाणं माझ्या डोळ्यांदेखत झालं, आणि मला नागोजीरावांचा राग यायला लागला. कारखान्यातल्या बेअरिंगा परत खोक्यात ठेवता येतात. बाईचं वय कुठे ठेवणार?

अशात गोविंदराव मास्तरांचं स्थळ आलं. राजाजीनगरच्या एका शाळेत शिकवायचे. पहिली बायको बाळंतपणात गेलेली, मूल नाही. दुपारी यायचे ते दिवेलागणीला उगवले, कारण वाटेत एके ठिकाणी बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवत होते ते बघत उभे राहिले. भरलेला लोटा त्यांच्या हातून सांडला नाही, कारण त्यांनी तो उचललाच नाही. बोलता बोलता विसरले. गार झालेली कॉफी तशीच राहिली. ते गेल्यावर नागोजीराव म्हणाले, "बेडा. हा मनुष्य फिरतच न्हाई."

पुढच्याच आठवड्यात कमळा मला बसच्या थांब्यावर भेटली. योगायोगाने नव्हे, वाट बघतच उभी होती. तिने इकडचं तिकडचं काही काढलं नाही.

"सार, कारखान्यात तुमचं काम काय हो?"

"अडलेलं असेल ते पुढे ढकलायचं."

"मग मी अडलीया," ती म्हणाली. "मास्तर मला पसंत हैत. अण्णाला सांगा."

इतकी वर्षं बाकांवर बसून मी अडलेल्या कामाचा कंटाळा करायला शिकलो होतो. पण हे ऐकून कंटाळा आला नाही, घाबरलो. तरी रविवारी गेलो. दोघं नेहमीसारखी बसली होती, हे ओट्यावर, ती उंबऱ्याआत. मी खाली पायरीवर बसलो आणि मास्तरांची बाजू मांडली. माणूस सज्जन आहे, नोकरी कायमची आहे, व्यसन नाही. नागोजीराव ऐकत होते आणि प्रत्येक मुद्द्याला डायलखाली धरत होते. सज्जन कबूल. नोकरी कबूल. पण उशीर? लग्न लागल्यावर हा मनुष्य भाजी आणायला जाईल आणि चाक बघत उभा राहील. तंगी चुलीपाशी वाट बघत बसेल. तिला किती घाई असते, तुम्हाला माहीत नाही. तिला घडीभर वाट बघवत नाही.

माझे मुद्दे संपले. आता निरोप घ्यावा असं वाटत होतं, तेवढ्यात त्यांच्या पाठीमागून कमळा बोलली. मान न वळवता, हातातले तांदूळ निवडत.

"अण्णा, बिनखोटीची बेअरिंग असती काय?"

नागोजीराव म्हणाले, "न्हाई."

"आणि बिनखोटीचा स्पिंडल?"

ह्यांनी नुसती मान हलवली.

"माझी घाई उंच हाय, त्यांची खोल हाय. ठिपका दे आणि बसव की. मला शिकवलंस ते सगळं, आणि माझ्या वेळेला इसरलास?"

रस्त्यावरून एक हातगाडीवाला ओरडत गेला. तो दिसेनासा होईपर्यंत नागोजीराव त्याच्याकडे बघत होते. मग त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, स्वतःचे तळवे उलटे करून बघितले आणि धोतराला पुसले. "सरी," म्हणाले. इतक्या हळू, की कमळाला ते पाठीतूनच कळलं असावं.

लग्नात नवरदेव उशिराच आला. मुहूर्त टळतो की काय म्हणून भटजी कासावीस झाले, आणि नवरी स्वतः मांडवाच्या दारात येऊन उभी राहिली. तिला बघून मास्तर बंगलोरमध्ये पहिल्यांदा धावले असतील. लोक हसले. मीही फार दिवसांनी मनापासून हसलो. नागोजीराव मात्र मांडवात पाहुण्यांचे हात हातात घेत होते आणि न बघताच सोडून देत होते.

त्यानंतर कारखान्यात नवल घडलं. 'बेडा'चं ताट रिकामं राहू लागलं. जी बेअरिंग हातात येईल ती सरी. नळ नाही, बाक नाही, मन लागतंय की नाही ही चौकशी नाही. जुळणी खात्यात आनंदीआनंद, फोरमन मला स्वतःच्या पैशाने चहा पाजायला लागला. ज्या दिवसाची मी इतकी वर्षं वाट पाहिली तो असा उगवला होता, आणि मला मात्र तो बघवेना. एकदा मी मुद्दाम घामेजलेला हात पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला, "या सार," म्हणाले आणि आत नेलं.

त्याच संध्याकाळी भोंगा झाला. मी खोलीतच होतो. खात्यातले लोक डबे वाजवत निघाले. नागोजीराव स्टुलावर बसून होते, डायलवर फडकं टाकायची त्यांना काही घाई दिसेना. मी म्हटलं, "नागोजीराव, भोंगा झाला."

"झाला की," ते म्हणाले. "घरी तंगी न्हाई आता, सार."

पुण्याकडच्या माणसाला ह्या वाक्याचा आनंद व्हायला हवा. मला इतकं वाईट वाटलं की मीच डायलवर फडकं टाकलं, त्यांचा डबा उचलला आणि त्यांच्याबरोबर चामराजपेटच्या बसमध्ये चढलो.

घर स्वच्छ होतं. कमळा आणि मास्तर रविवारी येऊन जातात, असं नागोजीराव म्हणाले. सकाळी यायचं म्हणतात, दुपारी येतात. वाटेत त्याच्यासंगं आता हीसुद्धा उभी राहते, चाकं बघत. हे सांगताना ते पहिल्यांदा थोडे हसले. मग त्यांनी कॉफी केली, माझा लोटा काठोकाठ भरला, आणि उचलताना माझा हात चांगलाच थरथरला तरी काही बोलले नाहीत. आम्ही बाहेर आलो. ते ओट्यावर आपल्या जागी बसले, रस्त्याकडे तोंड करून. पाठ अगदी ताठ, कशालाच न टेकलेली. मागे भिंत नव्हती, उघडं दार होतं.

मी विचारलं, "तुम्ही दोघं असं पाठ करून का बसायचात?"

 ते रस्त्याकडे बघतच सांगू लागले. आई आणि वडील एकाच तापाच्या साथीत गेले. हे तेव्हा मिसरूडही न फुटलेले, आणि कमळा जेमतेम बोलायला लागलेली. संध्याकाळ झाली की ती आईला शोधायची. समोर घेऊन बसावं तर तिचं तोंड बघून ह्यांनाच रडू यायचं, आणि हे रडले की ती आणखी रडायची. म्हणून हे ओट्यावर तिच्याकडे पाठ करून बसायला लागले. ती मागून येऊन टेकायची. अण्णा आहे, एवढं तिला पाठीला कळायचं, आणि अण्णाचं तोंड दिसायचं नाही.

"माझ्या पाठची न्हवं का ती," ते म्हणाले. "पाठीलाच ऱ्हायली."

 रस्त्यावर दिवे लागत होते. थोड्या वेळाने त्यांनी उंबऱ्याच्या आतली जागा हाताने झटकली.

"सार, स्वल्प हितं बसता काय? हिकडं तोंड करून नगं. आत."

मी उठलो आणि उंबऱ्याच्या आत, घराकडे तोंड करून बसलो. समोर चूल, फळीवर घासून ठेवलेली दोन ताटं. माझी पाठ त्यांच्या पाठीपासून बोटभर दूर होती. संकोचाने मी अंग चोरून बसलो होतो.

"भार द्या की स्वल्प," नागोजीराव म्हणाले. "मोकळं ठेवू नका."

मी दिवसभराचा दमलेला होतो, खरं तर कितीतरी वर्षांचा. द्यायला माझ्याकडे भार भरपूर होता. मी मागे रेललो. त्यांची पाठ जरा हलली, मग स्थिर झाली, आणि आम्ही दोघं तसेच बसून राहिलो.